फ्लॉवरचा मसालेभात पाणचट आणि गिचका का होतो, आणि तो मोकळा कसा करायचा

तक्रार बहुतेक वेळा एकाच क्रमाने येते. कर्बोदके कमी करायची म्हणून तांदळाऐवजी फ्लॉवर किसून घेतला, फोडणीत घातला, दोन मिनिटे छान मोकळा दिसला. मग झाकण ठेवून वाफ काढली, आणि झाकण उघडले तर कढईच्या तळाशी पाणी. ते आटवायला गॅस मोठा केला, दहा मिनिटे परतले, तोवर किसाचा लगदा झाला. चव कोबीच्या भाजीची, मसाला जिभेला टोचणारा, आणि जेवून तासभर होत नाही तोच पुन्हा भूक. पुढच्या वेळी पाणी कमी घालू म्हणावे, तर मुळात पाणी घातलेलेच नव्हते.

यात चूक हाताची नाही, कृतीची आहे. मसालेभाताची कृती तांदळासाठी बेतलेली आहे आणि तिचा प्रत्येक टप्पा तांदळाला पाणी पाजण्यासाठी आहे: आधणाचे पाणी, सुरुवातीलाच मीठ, घट्ट झाकण, मंद आच, शेवटी मुरवण. तांदळातला स्टार्च साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसला पाणी शोषून फुगतो. १२५ ग्रॅम तांदूळ शिजून ३५० ग्रॅमच्या आसपास भात होतो. फ्लॉवरमध्ये असा स्टार्च जवळपास नसतोच. त्याच्या वजनाचा सुमारे ९२ टक्के भाग पाणी असते, म्हणजे ५०० ग्रॅम किसात ४६० ग्रॅम पाणी आधीच भरलेले असते. किसताना पेशी फुटतात, उष्णतेने उरलेल्या सैल होतात, मीठ पाणी बाहेर ओढते आणि झाकण ते पाणी परत कढईत टाकते. तांदूळ पाणी पितो, फ्लॉवर पाणी सोडतो. म्हणून इथे कृती उलट्या दिशेने चालवायची: आधी पाणी घालवायचे, मसाला वेगळा शिजवायचा, मीठ शेवटी घालायचे आणि झाकण शक्यतो ठेवायचेच नाही.

प्रमाण

खालचे प्रमाण दोन जणांच्या पोटभर वाढणीचे आहे. छोटा चमचा ५ मिलीचा, मोठा १५ मिलीचा, वाटी १५० मिलीची धरली आहे.

- फ्लॉवरचे तुरे ५०० ग्रॅम (पाने आणि जाड दांड्यासह गड्डा साधारण ८०० ते ९०० ग्रॅमचा लागतो)
- तोंडली १०० ग्रॅम, उभी पातळ चिरून
- तेल २ मोठे चमचे, साजूक तूप १ छोटा चमचा
- मोहरी अर्धा छोटा चमचा, हिंग आणि हळद प्रत्येकी पाव छोटा चमचा
- तमालपत्र १, लवंगा ३, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, कढीपत्त्याची ८-१० पाने
- गोडा मसाला दीड छोटा चमचा, लाल तिखट अर्धा छोटा चमचा
- घट्ट दही १ मोठा चमचा
- तीळ आणि सुके खोबरे भाजून केलेला जाडसर कूट २ मोठे चमचे
- काजू ६, मीठ पाऊण छोटा चमचा, वरून ओले खोबरे, कोथिंबीर, लिंबू

५०० ग्रॅम तुरे नीट भाजले की साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास उरतात. म्हणजे हा ऐवज एक वाटी तांदळाच्या भाताएवढा होतो. जुन्या कृतीतले ‘एक वाटी तांदूळ’ इथे अर्धा किलो तुरे असे वाचायचे, एक वाटी किस असे नव्हे. मसाला खारट-तिखट होण्याचे निम्मे कारण याच गोंधळात असते.

क्रमाने कृती, आणि प्रत्येक टप्प्यावर काय बिघडते

धुणे. अळ्या निघाव्यात म्हणून तुरे मीठ-हळदीच्या कोमट पाण्यात ठेवायची पद्धत चांगलीच आहे, ती सोडू नका. पण ते काम किसण्याच्या निदान दोन तास आधी उरकायला हवे. दहा मिनिटे पाण्यात, मग रोळीत निथळून, मग पंचावर देठ वर करून पसरलेले. तुऱ्यांच्या फटीत पाणी अडकून राहते आणि उताणे ठेवले तर ते निघतच नाही. रात्री धुऊन, निथळून, न झाकता फ्रिजमध्ये ठेवले तर सकाळी तुरे अगदी कोरडे मिळतात. ओले तुरे किसले की मिक्सरच्या भांड्यातच चिखल होतो आणि पुढचे कोणतेही कौशल्य तो सुधारू शकत नाही.

किसणे. दाणा साधारण ३ ते ४ मिलिमीटरचा हवा, आंबेमोहोराच्या शिजलेल्या शिताएवढा. हाताच्या किसणीची मोठ्या भोकांची बाजू सगळ्यात खात्रीची. मिक्सर वापरायचा असेल तर भांडे कोरडे, एक तृतीयांशच भरलेले, आणि एकेक सेकंदाचे चार ते सहा झटके. दर दोन झटक्यांनी भांडे हलवून घ्यायचे. मिक्सर सलग फिरवला तर तळाशी पेस्ट आणि वर अखंड तुरे अशी दोन टोके मिळतात. तळाची पेस्ट पाणी सोडते आणि तीच सगळ्या किसाला चिकटवते. मोठे तुकडे उरले तर ते वेगळे काढून पुन्हा फिरवा, सगळे पुन्हा फिरवू नका. कोवळा दांडा टाकून द्यायचे कारण नाही, पण तो घट्ट असतो; त्याचा किस वेगळा ठेवून कढईत दीड-दोन मिनिटे आधी घालावा.

भाजणे. सगळे यश याच टप्प्यावर आहे. रुंद लोखंडी कढई किंवा ३० सेंटिमीटरचा सपाट तवा आधी चांगला तापवा, एक छोटा चमचा तेल फिरवा आणि निम्माच किस, म्हणजे २५० ग्रॅम, घाला. थर बोटाच्या जाडीपेक्षा जास्त नको. आच मोठी. घातल्याबरोबर परतायला सुरुवात करू नका. दीड मिनिट तसाच राहू द्या, मग उलथन्याने खालून वर करा, पुन्हा एक मिनिट थांबा. पाच ते सहा मिनिटांत काम होते.

झाले हे कानाने कळते. सुरुवातीला ओल्या तव्यावर पाणी पडल्यासारखा सूं आवाज असतो, तो बदलून बारीक चुरचुर सुरू होते. वाफेचा लोट विरळ होतो, काही दाण्यांच्या कडा खरपूस बदामी दिसतात आणि किस बसून पाऊण होतो. दाणा बोटांत दाबला तर किंचित कणी लागली पाहिजे, कारण त्याला पुढे मसाल्यात दोन मिनिटे आणखी काढायची आहेत. लगेच परातीत पसरा. भांड्यात ढीग करून ठेवला तर आतल्या आत वाफ धरून तो पुन्हा ओला होतो. मग उरलेला निम्मा किस भाजा.

दोन हप्ते करायचा कंटाळा येतो आणि बहुतेक वेळा भात तिथेच बिघडतो. ५०० ग्रॅम किस एकदम घातला की कढईचा ताप खाली येतो, सुटणारे पाणी उडून जाण्याइतकी उष्णता उरत नाही आणि किस भाजला जाण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात उकडतो. कढई लहान असेल तर तीन हप्ते करा. चौघांसाठी करताना तर दुसरा तवा शेजारच्या शेगडीवर चढवणेच शहाणपणाचे.

मसाला. उरलेले तेल त्याच कढईत तापवून मोहरी, खडा मसाला, कढीपत्ता, काजू, हिंग, हळद अशी नेहमीची फोडणी. त्यात तोंडली परता आणि झाकण ठेवून सात-आठ मिनिटे मऊ होऊ द्या. या एका टप्प्यावर झाकण चालते. तोंडली पूर्ण शिजवून घ्या, पुढे त्यांना वेळ मिळणार नाही. मग आच मंद करून दही, गोडा मसाला आणि तिखट घाला आणि कडेने तेल दिसेपर्यंत, साधारण दोन मिनिटे, परता.

एकत्र करणे. भाजलेला किस, मीठ आणि तीळ-खोबऱ्याचा कूट घालून मोठ्या आचेवर दोन मिनिटे, झाऱ्याने नव्हे तर सपाट उलथन्याने, तळापासून उचलून हलवा. गॅस बंद. वरून तूप. मुरवणाचा सुवास हवाच असेल तर झाकणाखाली दुहेरी घडी केलेला सुती कपडा ठेवून तीन मिनिटे झाका. वाफ कपड्यात जिरते, थेंब भातावर पडत नाहीत. ओले खोबरे आणि कोथिंबीर पानात वाढताना.

पाणी सुटलेच, आता काय

किस कढईच्या एका बाजूला ढकलून कढई तिरकी करा आणि जमलेले पाणी डावाने काढून घ्या. ते ओतून देऊ नका, त्यात मीठ आणि निम्मा मसाला उतरलेला असतो. लहान भांड्यात ते पाणी वेगळे आटवून चमचाभर दाट होऊ द्या. दरम्यान किस रुंद तव्यावर पातळ पसरून, मोठ्या आचेवर, न हलवता दोन-दोन मिनिटांनी उलटा. मग आटवलेला मसाला परत मिसळा आणि तीळ-खोबऱ्याचा एक चमचा जादा कूट घाला. ओव्हन असेल तर २०० अंशांवर ताटात पसरून दहा-बारा मिनिटे ठेवणे सगळ्यात सोपे.

बेसन, तांदळाचे पीठ किंवा कॉर्नफ्लोअर भुरभुरवून पाणी ‘बांधण्याचा’ सल्ला दिला जातो. तो घेऊ नका. पाणी चिकट होते, भात मोकळा होत नाही, आणि ज्या कर्बोदकांसाठी हा खटाटोप केला तीच मागल्या दाराने परत येतात. कूट मात्र दोन कामे करतो: थोडे पाणी शोषतो आणि जिभेवर एक भरीवपणा आणतो, जो तांदळाच्या स्टार्चमुळे मिळत असे.

लगदा झाला

दाणा एकदा गेला की तो परत येत नाही. अशा किसाला भात म्हणून पानात वाढण्यापेक्षा त्यात थोडे किसलेले पनीर आणि इसबगोल एक मोठा चमचा मिसळून, दहा मिनिटे ठेवून, तव्यावर थापटून खरपूस वड्या कराव्यात. मसाला आधीच लागलेला असतो, त्या चवीला फार चांगल्या होतात.

कारणे तीनच: किस बारीक, परतणे सतत, किंवा फ्लॉवर गोठवलेला. गोठताना पेशींतल्या पाण्याचे बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशींच्या भिंती फुटतात, त्यामुळे गोठवलेला किस वितळला की ताज्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी टाकतो. तो वापरायचाच तर वितळू देऊ नका. तापलेल्या तव्यावर थेट फ्रीझरमधून, १५० ते २०० ग्रॅमच्या लहान हप्त्यांनी घाला. तरी तो ताज्याइतका मोकळा होत नाही; मसालेभातासाठी तो सुचवावासा वाटत नाही, मऊ खिचडीसाठी चालेल.

खायचा सोडाही नको. क्षारामुळे भाजी लवकर मऊ पडते, इथे तर मऊपणाशीच झगडा आहे.

कोबीसारखा वास

फ्लॉवर, कोबी, मुळा ही एकाच कुळातली भावंडे. त्यांत ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त संयुगे असतात. भाजी कापली-किसली की ती फुटायला लागतात आणि जितका वेळ शिजत राहावे तितके हायड्रोजन सल्फाइडसारखे उग्र वासाचे वायू वाढतात. म्हणजे पाणी आटवण्यासाठी पंधरा मिनिटे परतलेला भात लगदा तर होतोच, वासही तोच जास्त मारतो. पाणी आणि वास या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण मूळ एकच: मंद आच आणि लांबलेला वेळ.

गड्डा पांढरा, घट्ट, जड बघून घ्यावा. पिवळट, सैल, काळे ठिपके पडलेला घेऊ नये. आदल्या दिवशी किसून डब्यात ठेवलेला किस डबा उघडताच वास देतो, म्हणून तुरे आधी धुऊन ठेवा, पण किसा त्या दिवशीच. भाजताना झाकण नको, कारण हे वायू वाफेबरोबर उडून जायला हवेत. दाण्यांना आलेला खरपूसपणा उरलेला वास झाकतो. हिंगाची फोडणी इथे नुसती रीत म्हणून नाही, ती जराही कमी करू नका. लिंबू मात्र गॅस बंद केल्यावर. लोखंडी कढईत दही-लिंबू घातलेला भात तसाच ठेवला तर तो काळपट पडतो आणि लोखंडाची चव उतरते, म्हणून झाल्याबरोबर दुसऱ्या भांड्यात काढा.

मसाला कच्चा लागतो, टोचतो

तांदळाच्या भातात हळद, तिखट आणि मसाला आधणात पंधरा-वीस मिनिटे शिजतात, आणि स्टार्च त्यांची धार बोथट करतो. फ्लॉवरच्या भातात ना तो वेळ मिळतो ना तो स्टार्च. म्हणून मसाला किसावर भुरभुरायचा नाही. तो दही आणि तेलात आधी पूर्ण शिजवायचा. दही नको असेल तर दोन मोठे चमचे पाणी घालून ते आटेपर्यंत परतले तरी चालते. तेल कमी करून चालत नाही. मसाल्याचा सुवास तेलातच उतरतो, आणि कर्बोदके कमी केलेल्या जेवणात थोड्या तेला-तुपाला घाबरायचे कारण नसते.

मिठाचे गणित वेगळे सांगायला हवे. भात शिजताना मीठ दाण्याच्या आत जाते, फ्लॉवरला ते वरूनच लागते, त्यामुळे तेवढेच मीठ जास्त खारट वाटते. एक वाटी तांदळाला दीड छोटा चमचा मीठ लागत असेल तर इथे पाऊण चमचा पुरते. आणि ते किस भाजून झाल्यावरच.

पोट भरत नाही

साहजिक आहे. १२५ ग्रॅम तांदळात साडेचारशेच्या आसपास कॅलरी असतात, ५०० ग्रॅम फ्लॉवरमध्ये सव्वाशे. ताट दिसायला तेवढेच, पण आतला ऐवज पाव. ही तूट प्रथिने आणि स्निग्ध पदार्थांनी भरायची असते. फ्लॉवर वाढवून भरत नाही, फक्त पोट फुगते. भातात १०० ग्रॅम पनीरचे तुकडे खरपूस तळून घाला (प्रथिने १८ ग्रॅमच्या आसपास), अंडे चालत असेल तर दोन उकडलेली अंडी बाजूला घ्या. काजू सहाच घातलेत, जास्त हवे वाटले तर त्याऐवजी भाजलेले शेंगदाणे घ्या. काजूत १०० ग्रॅमला ३० ग्रॅम कर्बोदके असतात, शेंगदाण्यात त्याच्या निम्मी.

वायूचा त्रास होत असेल तर तो भास नव्हे. फ्लॉवरमध्ये मॅनिटॉल नावाचे शर्करेसारखे द्रव्य असते, काही लोकांना ते नीट शोषता येत नाही आणि आतड्यातले जिवाणू त्यापासून वायू करतात. २५० ग्रॅमची वाढणी एकदम न घेता पहिल्या आठवड्यात १०० ते १२० ग्रॅमवर थांबा, आणि रात्रीपेक्षा दुपारी खा.

भात बदलला तरी साखर चढतेच

इथे बहुतेक वेळा फ्लॉवरचा दोष नसतो, त्याच्या सोबत्यांचा असतो. १०० ग्रॅम फ्लॉवरमध्ये कर्बोदके साधारण ५ ग्रॅम, त्यातले २ ते ३ ग्रॅम तंतू. शिजलेल्या भातात १०० ग्रॅमला २८. वर दिलेल्या प्रमाणात तंतू वजा करून माणशी साधारण १२ ग्रॅम कर्बोदके येतात; एक वाटी तांदळाचा भात दोघांत वाटला तर नुसत्या तांदळाची ५० ग्रॅम येतात. एवढा फरक पडतो. पण मसालेभातात सवयीने बटाटा पडतो (१०० ग्रॅमला १७), मटार पडतो (१४, त्यातले ५ तंतू), गाजर पडते (१०), चमचाभर गूळ किंवा साखर पडते, आणि बाजूला उडदाचा पापड, वाटीभर वरण, सणावाराला जिलबी. या सगळ्यांत मिळून वाचवलेले परत येते. तोंडली (३ ग्रॅमच्या आसपास), वांगे, ढोबळी मिरची, फरसबी या भाज्या घ्या. मसालेभातात तोंडली अस्सलच आहेत, त्यामुळे चवीला तडजोड होत नाही. सोबतीला मठ्ठा घ्या, फक्त साखर न घालता.

दुसरी चूक पर्याय निवडण्यातली. भगर, ब्राऊन राईस, गव्हाचा दलिया, किनवा हे ‘लो-कार्ब’ म्हणून वापरले जातात. यांत तंतू जास्त असतील, साखर थोडी सावकाश चढत असेल, पण कोरड्या वजनाला १०० ग्रॅमला ६० ते ७५ ग्रॅम कर्बोदके आहेतच. ते तांदळाचे भाईबंद आहेत. मोजून खायचे असतील तर चांगले, कर्बोदके तोडायची असतील तर नाहीत. पेज काढून टाकलेल्या भाताचेही तसेच. पेजेबरोबर थोडा स्टार्च जातो, बहुतेक दाण्यातच राहतो.

एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. इन्सुलिन घेत असाल, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या चालू असतील, तर तो डोस तुमच्या रोजच्या भात-पोळीवर बेतलेला असतो. जेवणातला भात एकाएकी काढला आणि डोस तोच ठेवला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्यांवर असताना कर्बोदके फार कमी केली तर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्ले) वाढून रक्त आम्लधर्मी होण्याचा वेगळा धोका असतो, आणि त्यात साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसतानाही प्रकृती बिघडू शकते. आधी डॉक्टरांशी बोला, मग भात बदला.

घरातले खात नाहीत: निम्मा-निम्मा

पूर्ण फ्लॉवरचा भात घरातल्या सगळ्यांच्या पचनी पडत नाही, आणि तसा आग्रहही नको. ५० ग्रॅम तांदूळ वेगळा, किंचित कणीदार शिजवून परातीत गार करा. तो साधारण १४० ग्रॅम भात होतो. भाजलेल्या २०० ग्रॅम किसात तो शेवटच्या दोन मिनिटांत मिसळा. मसाला आणि मीठ वरच्याप्रमाणेच. यात दोघांत मिळून तांदळाची ४० ग्रॅम कर्बोदके वाढतात, पण शिते दिसतात, दाताखाली येतात आणि ताटातला भात भातासारखा लागतो. तांदूळ आणि किस एकत्र कुकरला लावायचे धाडस करू नका. दोन शिट्ट्यांत किस विरघळतो आणि त्याचे पाणी तांदळाचेही प्रमाण बिघडवते.

डब्यात पाणी का जमते

गरम भात डब्यात भरून झाकण लावले की वाफेचे थेंब होतात. तांदळाचा भात ते थेंब गिळतो, फ्लॉवर नाही. परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या, मग भरा. डब्याच्या तळाशी कागदी रुमालाची घडी ठेवली तर आणखी बरे. ओले खोबरे घातलेला भात उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबतो, त्यामुळे डब्यासाठी सुके खोबरेच. फ्रिजमध्ये दोन दिवस राहतो. गरम करताना तव्यावर पसरून, मायक्रोवेव्ह असेल तर न झाकता.

बाकीचे भात

पहिल्यांदाच करणार असाल तर मसालेभातापासून नव्हे, लिंबूभातापासून सुरू करा. तो मुळातच फोडणीवर परतलेला कोरडा भात आहे, त्यात मसाला शिजवायचा प्रश्न नाही. किस भाजण्याचा अंदाज त्यावर येतो.

दहीभाताला भाजलेला किस नको, खरपूस चव दह्याशी जुळत नाही. किस चाळणीवर चार मिनिटे वाफवा, पूर्ण गार करा आणि पंचात घट्ट पिळा; २५० ग्रॅमला पाऊण वाटी तरी पाणी निघायला हवे. पातळ दही घालू नका, निम्मा चक्का आणि निम्मे घट्ट दही घ्या. मीठ अगदी जेवायला बसताना. आधी घातले तर अर्ध्या तासात दह्यावर पाण्याचा थर येतो.

मूगडाळीच्या खिचडीत फ्लॉवर घातला तरी डाळीची कर्बोदके राहतातच, १०० ग्रॅम डाळीत ६० च्या आसपास. दोघांसाठी ४० ग्रॅमपेक्षा जास्त डाळ नको. ती वेगळी पूर्ण शिजवून घोटा आणि किस शेवटी घाला. मऊपणा कमी वाटला तर पाव छोटा चमचा इसबगोल, त्याहून जास्त घातले तर खिचडी तार धरते.

बिर्याणीत दम देताना रस्सा आटवून अगदी अंगाबरोबर ठेवायचा, भाजलेल्या किसाचा थर वर द्यायचा आणि दम वीस मिनिटांचा नव्हे, पाच मिनिटांचा, तोही झाकणाखाली कपडा ठेवून.

नारळीभात आणि साखरभात मात्र फ्लॉवरचे करू नका. त्यांतली कर्बोदके नुसती तांदळाची नाहीत, गुळाची आणि साखरेची आहेत. ती काढली तर पदार्थ उरत नाही आणि ठेवली तर फ्लॉवर घालून काही साधत नाही. सणाच्या दिवशी खऱ्या नारळीभाताचे दोन घास मोजून खाणे बरे.